आजार नाही, मग गोळ्या कशाला?

वसतिगृहातल्या एका मुलाला फुफ्फुसाचा टीबी निघतो. त्याचे उपचार सुरू होतात आणि मग त्याच्या खोलीत राहणाऱ्यांची तपासणी होते. त्यांना खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेले नाही, छातीचा एक्स-रेही स्वच्छ. त्वचेची चाचणी मात्र पॉझिटिव्ह येते. डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या सुचवतात, तेव्हा मुले विचारतात, ‘आम्हाला काही झालेलेच नाही, मग गोळ्या कशाला?’

प्रश्न रास्त आहे. टीबीचे जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार झाला, असे नव्हे. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना असा सुप्त संसर्ग झालेला असल्याचा अंदाज आहे. त्यांच्यापासून इतरांना लागण होत नाही आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रासही होत नाही. मात्र शंभरातील ५ ते १० जणांना पुढे आजार होतो आणि हा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. विद्यार्थ्यांसाठी हीच वर्षे परीक्षांची आणि नोकरीच्या शोधाची असतात. प्रतिबंधक उपचाराने हा धोका ६० ते ९० टक्क्यांनी कमी होतो.

पूर्वी त्यासाठी सहा महिने रोज आयसोनियाझिड घ्यावे लागे. आता त्याच्या जोडीला रिफापेंटिन देऊन आठवड्यातून एकदा, असे १२ डोस पुरतात. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हे दोन्ही पर्याय आहेत.

तरीही मुले कचरतात. त्यांना दुष्परिणामांची भीती असते आणि त्याहून अधिक ‘लोक काय म्हणतील’ याची. भीती झटकून टाकण्याऐवजी तिचे उत्तर द्यायला हवे. रिफापेंटिनमुळे लघवी नारिंगी होते, ते निरुपद्रवी आहे. मळमळ वाढली, भूक गेली किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे, कारण क्वचित यकृताला इजा होते. या काळात दारू टाळावी. रिफापेंटिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे मुलींना एकांतात, कोणताही शेरा न मारता सांगावे.

राहिली बदनामीची भीती. ती दूर करणे मुलांच्या हाती नाही, महाविद्यालयाच्या हाती आहे. तपासणीला बोलावलेल्यांची नावे सूचनाफलकावर लागली, तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही. गोळ्या कुठे आणि कधी घ्यायच्या, हे ठरवताना वेळापत्रक आणि गुप्तता दोन्ही सांभाळावीत.

एवढे समजून घेऊनही एखाद्याने नकार दिला, तर तो त्याचा अधिकार आहे. त्याला रागावू नये, पण मोकळेही सोडू नये. पुढची दोन वर्षे खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनातील घट याकडे लक्ष ठेवायचे आणि यांतले काहीही दिसले तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता तपासणीला यायचे, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.