नोकरी धरू की चाचणीत जाऊ?

मुरूडहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय. दीड वर्षापूर्वी त्यांच्या स्तनातल्या गाठीचं मुंबईला ऑपरेशन झालं. केमो झाली, शेक झाले, गेलेले केस परत आले. आता रोजची एक गोळी तेवढी चालू आहे. आजारपणात यजमानांचं दुकान कर्जात बुडालं आणि म्हणून त्यांनी लग्नानंतर प्रथमच अर्ज केला. अलिबागला एका कचेरीत हिशेब लिहिण्याची नोकरी मिळालीय, पहिले सहा महिने कच्ची. नेमकं याच वेळी डॉक्टरांनी विचारलं, एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तुम्ही येता का? मुदत दोन वर्षं. सहा महिने दरमहा मुंबईला जायचं, पुढे तीन महिन्यांनी.

त्या लिहितात, ‘सासूबाई म्हणतात, अंगावर प्रयोग करून घेऊ नकोस. हे म्हणतात, तुला वाटेल ते कर. ज्यांनी जीव वाचवला त्या डॉक्टरांना नाही तरी कसं म्हणू? ताई, नोकरी सोडू का?’

सोडू नका. निदान आज तरी नाही.

खरं सांगू? मला सासूबाईंपेक्षा यजमानांचं वाक्य जास्त खटकलं. ‘तुला वाटेल ते कर’ म्हणून मोकळं होता येत नाही. तुम्ही पहाटेच्या एस.टी.ने निघालात की मुलांचे डबे कोण करणार, दुकान कोण बघणार, हे त्यांनी सांगायला हवं. सासूबाईंची भीती मात्र अगदीच खुळी नाही. २००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या अभ्यासात वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले.

पण दुसरी बाजूही त्यांना सांगा. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका निम्म्या बायकांचे स्तन नुसत्या हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष आला, की पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या तपासणीने मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांना तसा फायदा दिसला नाही. आपल्यासारख्याच बायका त्यात राहिल्या म्हणून हे कळलं.

आता तुमचं. अशा चाचणीत बहुतेक वेळा सोडतीने दोन गट पाडतात. एकाला नवं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय, हे सहसा डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. म्हणजे नाही म्हटलं तर हातातला खात्रीचा उपचार गेला, असं मुळीच नाही. तुमची नेहमीची गोळी दोन्ही गटांत चालू राहणार ना, हे आधी विचारून घ्या.

सही त्याच दिवशी करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, दोघांनी बसून वाचा. २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट मिळतात आणि भरपाईही मिळते. मध्येच बाहेर पडता येतं आणि त्यापायी तुमच्या नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद आहे का, तेही विचारा. २००९ पासून ती सक्तीची आहे. पाळी चालू असेल तर दिवस राहू न देण्याची अट असते, ती नीट समजून घ्या. घरचा काढा, वैद्यांची चूर्णं घेत असाल तर लपवू नका.

आणि डॉक्टरांचे उपकार फेडायला म्हणून तर सही नकोच. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

खरा पेच तारखांचा आहे. डॉक्टरांकडून तपासणीच्या सगळ्या तारखांचा कागद मागून घ्या आणि कॅलेंडरशेजारी ठेवा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकान-कचेऱ्यांत आपल्या राज्यात २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी मिळतात, पण त्या तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात. म्हणजे तीन महिन्यांत दोन. तुम्हाला लागणार तीन. पोराला ताप आला तर त्याच्यासाठी एकही उरत नाही! म्हणून साहेबांना विचारा, की साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी तपासणीच्या वारी मिळेल का. महिन्यातून एक दिवस तपासणीला जावं लागतं, एवढं सांगितलं की पुरे. कसली तपासणी, ते सांगायला तुम्ही बांधील नाही.

डॉक्टरांनाही तीन गोष्टी विचारा. मधलं रक्त अलिबागला देता येईल का? जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली रोजी मिळेल का? (मागायला लाजू नका, संशोधनाच्या नियमांत त्याला वाव आहे.) आणि प्रवेशाची शेवटची तारीख कोणती?

ती तारीख लांब असेल तर नोकरी पक्की होऊ द्या, मग जा. जवळ असेल आणि सुट्टीचं जमलं, तर मी अडवणार नाही. मात्र पहिली गोळी आणि कचेरीचा पहिला दिवस एकाच आठवड्यात नको. मळमळ, थकवा आला तर नव्या जागी कुणाला सांगणार? आणि काहीच जमत नसेल तर डॉक्टरांना सरळ नाही म्हणा आणि कामावर जा. कर्ज फेडणं हासुद्धा तुमच्या घराचा औषधपाणीच आहे. चाचणीतून मागाहून बाहेर पडता येतं, हातची नोकरी गेली तर अलिबागला दुसरी केव्हा मिळेल?

एक राहिलंच. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँची बंद असतात आणि वडखळमार्गे जायचं तर अख्खा दिवस मोडतो. जून ते ऑगस्टच्या तारखा त्या कागदावर आधी बघा. काय ठरलं ते जरूर कळवा.