ट्रक शिकवण्याआधी माणूस तपासा

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,



१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी हवाच, हा नियम तुमच्या खात्याने केला. भट्टीसारख्या केबिनमध्ये दिवस काढणाऱ्यांची दिल्लीत कुणी दखल घेतली, याचा आम्हाला खरंच आनंद झाला. म्हणूनच त्या केबिनमध्ये बसणाऱ्याच्या तब्येतीबद्दल तुम्हाला लिहितो आहे.

हेवी लायसनसाठी डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागतो. १९८९ च्या मोटार वाहन नियमांतला हा कागद विचारतो: तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, ऐकू नीट येतं का, आणि लख्ख उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट दिसते का. ताशी ६० किलोमीटरने जाणारा ट्रक २५ मीटर दीड सेकंदात कापतो. भरलेली गाडी तेवढ्यात थांबत नाही, साहेब. रक्तदाब आणि साखरेचा तर त्या कागदात उल्लेखच नाही. फिट किंवा चक्कर येते का, हे उमेदवारानेच नमुना १ मध्ये लिहून द्यायचं. ज्याला पोटासाठी लायसन हवंय, तो ‘हो’ कशाला लिहील?

बरं, आहे तेवढी तपासणी तरी होते का? मी नव्या पोरांना ट्रक शिकवतो. त्यांचे दाखले बघतो तेव्हा सगळ्यांवर एकच शिक्का, सगळी उत्तरं एकाच हाताने भरलेली. एजंटने आणून दिलेले. पोरगा डॉक्टरांसमोर उभाही राहिलेला नसतो. ट्रकवर किन्नर (क्लीनर) म्हणून राबलेला एक जण असाच शिकायला आला. रिव्हर्स घेताना मागच्या माणसाच्या हातातलं लाल फडकं हिरव्या झाडीसमोर त्याला दिसेचना. रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचायची चाचणी काही मिनिटांची. ती आधी झाली असती तर घरच्यांनी फीसाठी कर्ज काढलं नसतं.

अमेरिकेत ही तपासणी सरकारी यादीतल्या प्रमाणित तपासनिसाकडूनच करावी लागते. रक्तदाब आणि लघवी तपासतात, आणि दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने व्यावसायिक लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. चाळिशीतल्या माणसाला पाच वर्षांत मधुमेह जडू शकतो, नजर अधू होऊ शकते.

पण नुसती कडक तपासणी नको. ‘अनफिट’ म्हणजे चूल बंद, ही भीती असली तर ड्रायव्हर आजार लपवणारच. चष्मा लागला तर तो मिळावा, साखर वाढली तर उपचार करून परत कामावर घ्यावं, आणि तपासणीचा खर्च मालकाने पगारातून कापू नये. आणि ही सगळी तपासणी प्रशिक्षणाची फी भरण्याआधी व्हावी.

यासाठी संसदेत विधेयक आणावं लागत नाही. नमुना १-अ तुमच्या खात्याच्या अधिसूचनेने बदलता येतो. तो बदला, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ट्रक प्रशिक्षक, कळंबोली