परिचर्येला पस्तिशीची अट कशासाठी?

सुमारे बारा-तेरा वर्षांपूर्वी पूर्व भारतातील एका राज्याच्या आरोग्य विभागात असताना माझ्यासमोर एक अर्ज आला. अर्जदार विधवा, दोन मुलांची आई, बारावी उत्तीर्ण. गावात काही वर्षे 'आशा' म्हणून काम केलेली. तिला जीएनएम या परिचारिकांच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता. गुणांत ती बसत होती. वय मात्र ३६ वर्षे ४ महिने होते आणि नियम ३५ चा होता. खालच्या कार्यालयाने वयोमर्यादा शिथिल करण्याबाबत मार्गदर्शन मागितले होते. अर्जासोबत तिने साध्या कागदावर एक पत्रही जोडले होते. नवरा चार वर्षे अंथरुणावर होता, त्याच्या जखमा धुण्यापासून नळीतून अन्न भरवण्यापर्यंत सर्व आपणच केले, असे त्यात लिहिले होते. मी टिपणीखाली 'नियमात तरतूद नाही' हे तीन शब्द लिहिले आणि नस्ती परत केली.

शेरा नियमानुसार अचूक होता. तो लिहायला अर्धे मिनिटही लागले नसावे. परंतु ही अट मुळात कोणी, केव्हा आणि कशासाठी घातली, हा प्रश्न इतिहासाचा विद्यार्थी असूनही त्या दिवशी मला पडला नाही.

नियम असा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार एएनएम आणि जीएनएम या दोन्ही अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी किमान वय १७ आणि कमाल वय ३५ वर्षे. जी आधीच एएनएम म्हणून नोंदणीकृत आहे, तिला जीएनएमसाठी वयाची अट नाही. पण त्यासाठी तिने पस्तिशीच्या आत एएनएमला प्रवेश घेतलेला असला पाहिजे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला विज्ञान शाखा लागते, म्हणून शाळा सोडून वीस वर्षे झालेल्या बहुतेक स्त्रियांना तो रस्ता वयाचा विचार करण्याआधीच बंद असतो.

आता शेजारच्या दारात काय आहे ते पाहू. डॉक्टर होण्यासाठीच्या 'नीट' परीक्षेची २५ वर्षांची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये रद्द झाली. त्याआधीच, २०२० साली, ओडिशातील एका ६४ वर्षांच्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने एमबीबीएसला प्रवेश मिळवला होता आणि देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले होते. कौतुक योग्यच होते. पण चाळिसाव्या वर्षी माणसाला शस्त्रक्रिया शिकता येते आणि छत्तिसाव्या वर्षी इंजेक्शन देणे शिकता येत नाही, या भूमिकेचे समर्थन कोणत्या तर्काने करायचे, हे मला उमगलेले नाही.

आणि ३५ ही झाली कागदावरची मर्यादा. प्रत्यक्षातली याहून बरीच खाली आहे. एम्स संस्थांमधील नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी सर्वसाधारण उमेदवाराचे वय १८ ते ३० असावे लागते. जीएनएम झालेल्या उमेदवाराला त्याशिवाय किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव हवा. तीन वर्षे शिक्षण, दोन वर्षे अनुभव. म्हणजे जीएनएमला प्रवेश घेताना जी पंचविशी ओलांडून गेली असेल, तिच्यासाठी केंद्र सरकारच्या या सर्वांत चांगल्या नोकऱ्या पहिल्या दिवसापासूनच नाहीत. अनुसूचित जाती-जमातींना पाच आणि इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची सवलत आहे, तिने हिशेब थोडा पुढे सरकतो इतकेच. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना केंद्राच्या गट 'क' पदांसाठी ३५ पर्यंत सवलत मिळते. पण नर्सिंग ऑफिसर हे पद गट 'ब'चे. राज्यांमध्ये परिस्थिती काहीशी बरी आहे. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गासाठी सरसकट ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही मर्यादा आहे. तरीही प्रवेशाच्या वयाचा नियम एका कार्यालयात आणि नोकरीच्या वयाचा दुसऱ्या कार्यालयात ठरतो. दोघांनी एकत्र बसून बेरीज केलेली दिसत नाही. अशा बेरजा न करण्यात आमच्या सेवेचा हातखंडा आहे, हेही कबूल केले पाहिजे.

पस्तिशीचा आकडा आला कोठून? लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. तिच्या नियमांत उमेदवाराचे इष्ट वय २५ ते ३५ असे दिले होते, आणि ती अविवाहित किंवा विधवा असावी अशी अपेक्षा होती. हा आकडा तेथूनच चालत आला, असा दावा मी करणार नाही. पण साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. वरची मर्यादा आजही तीच आहे. बदलली ती खालची: पंचवीसची सतरा झाली. नाइटिंगेल यांना रुग्णाच्या उशाशी उभी राहायला जग पाहिलेली बाई हवी होती. त्यांनी स्वतः जर्मनीतील कैसरस्वेर्थ येथे परिचर्येचे धडे घेतले ते १८५१ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी. त्याआधी कुटुंबाच्या विरोधात कित्येक वर्षे गेली होती. आणखी पाच वर्षे लागली असती, तर आपल्या परिषदेने त्यांनाही परत पाठवले असते.

आपल्या देशात तर परिचर्या हे प्रौढ स्त्रीचेच काम होते. बाळंतपणाला सतरा वर्षांच्या मुलीला कोणी बोलावत नसे. सुईण वयस्क असे, स्वतः चार-सहा बाळंतपणे झालेली असे, आणि तिच्या शब्दाला वजन येई ते त्यामुळेच. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी स्थापन केलेला निधी आणि १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुरू केलेला व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी, या दोन्ही प्रयत्नांत देशी दाया होत्या. वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी दाईच्या अज्ञानावर पानेच्या पाने लिहिली. तिला शिकवण्यापेक्षा तिला हटवणे पुढे अधिक सोयीचे वाटू लागले.

पुण्याच्या वाचकांना दुसरे उदाहरण सांगण्याची गरज नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले, तेव्हा त्या स्वतः चाळिशी ओलांडलेल्या विधवा होत्या. सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली आणि ज्यांचे आयुष्य घराच्या मागच्या खोलीत संपले असे समाजाने ठरवले होते, अशा स्त्रियांना पांढऱ्या पोशाखात वॉर्डात उभे केले. परजातीच्या, परधर्माच्या, परपुरुषाच्या शरीराला हात लावायचा, तोही ब्राह्मण विधवेने, ही त्या काळी केवढी गोष्ट होती, याची आज कल्पना येणे कठीण. भारतीय स्त्रीसाठी प्रतिष्ठित परिचर्येचा एक महत्त्वाचा दरवाजा असा उघडला तो दुसऱ्यांदा आयुष्य सुरू करणाऱ्यांसाठी.

मग तो बंद कसा झाला? माझा समज असा की, दुष्ट हेतूने नव्हे, घाईने झाला. १९४६ च्या भोर समितीने देशात सुमारे सात हजार परिचारिका मोजल्या, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. १९४७ मध्ये परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मोठ्या संख्येने परिचारिका हव्या होत्या आणि त्या शाळेतून थेट वसतिगृहात नेता येतील अशा मुलींमधून मिळणार होत्या. वसतिगृह, वॉर्डन, संध्याकाळी दाराला कुलूप, सुटीसाठी पालकाची सही. ही सगळी रचना कुमारिकेसाठी बेतलेली होती. लग्न झालेल्या बाईचे काय करायचे, हे त्या रचनेला कधीच कळले नाही. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला १९८८ मध्ये केवळ विवाह केल्यामुळे सेवामुक्त करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ही कृती मनमानी आणि लिंगभेद करणारी ठरवून तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, छत्तीस वर्षांनी.

या सगळ्यात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ साली आशा सेविकांची योजना आखली गेली, तेव्हा याच शासनाने निवडीचे निकष काय ठरवले? गावातील विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री. वय शक्यतो २५ ते ४५. कारणेही उघड होती. ती गाव सोडून जाणार नाही, घरोघरी तिचे ऐकले जाईल, बाळंतिणीशी ती बरोबरीने बोलू शकेल. म्हणजे प्रौढ स्त्रीचे अनुभव, स्थैर्य, विश्वासार्हता हे सारे गुण शासनाला पुरते ठाऊक आहेत. मात्र मानधनाचे काम असते तेव्हाच ते आठवतात. पद वेतनश्रेणीचे, निवृत्तिवेतनाचे आणि नोंदणी क्रमांकाचे झाले की तेच वय अपात्रता ठरते. काही राज्यांनी आशा सेविकांना एएनएम-जीएनएमच्या प्रवेशात प्राधान्य दिले, ते स्वागतार्ह आहे. पण ज्या कामासाठी पंचेचाळिशीपर्यंत निवड करायची, त्या कामातून वर जाण्याची शिडी पस्तिशीला काढून घ्यायची, यात प्राधान्याला अर्थ किती उरतो?

याला घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत. मीच ते कधीकाळी बैठकांत मांडले आहेत. काम अंगमेहनतीचे आहे, रात्रपाळ्या असतात, रुग्ण उचलावे लागतात. खरे आहे. पण मोठ्या शहरांत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना उचलणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या बाया पाहा. ब्यूरोमार्फत येणाऱ्या या स्त्रियांत चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी असतात. २०११ च्या जनगणनेतच साठीपुढील लोक दहा कोटींवर होते. त्यांचा भार आजही प्रामुख्याने ज्यांना आपण 'आया' किंवा 'अटेंडंट' म्हणतो त्यांच्या खांद्यावर आहे. अंगमेहनतीला त्या चालतात. फक्त शिकवायला चालत नाहीत. शारीरिक क्षमता पाहायची तर वैद्यकीय तपासणी आहेच. जन्मतारीख हा तिचा पर्याय नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सरकारी जागेवर शिकलेल्या व्यक्तीने पुरेशी वर्षे सेवा द्यावी. तर हिशेब करू. ३८ व्या वर्षी प्रवेश घेतलेली स्त्री ४१ व्या वर्षी उत्तीर्ण होईल आणि साठीपर्यंत १९ वर्षे काम करील. दोन मुले आणि सासू गावात असल्याने बहुधा त्याच तालुक्यात. विशीत उत्तीर्ण होणाऱ्या अनेक मुली काही वर्षांत आखातात किंवा ब्रिटनमध्ये जातात. तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी पाठवलेल्या पैशावर केरळात किती घरे उभी राहिली, ते मी पाहिले आहे. पण सेवेच्या वर्षांचा तर्क मांडायचाच असेल, तर तो थोरल्या विद्यार्थिनीच्या विरोधात जात नाही.

काही वर्षांपूर्वीच्या आकडेवारीनुसार देशात सुमारे ३३ लाख नोंदणीकृत परिचर्या कर्मचारी होते आणि हजार लोकांमागे त्यांचे प्रमाण दोनच्या आसपास येत होते. सर्वसाधारणपणे तीनचा मापदंड धरला जातो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,५७० कोटी रुपये खर्चाची १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली. इमारती होतील. त्यांत कोणाला बसू द्यायचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नाही.

उशिरा या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या स्त्रियांना मी एक गोष्ट लपवून सांगणार नाही. अट उठली तरी पुढचा रस्ता सोपा नाही. खासगी रुग्णालयांतील वेतन अनेक ठिकाणी लाजिरवाणे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने लहानात लहान रुग्णालयातही महिना २० हजारांच्या खाली वेतन नसावे असे सुचवले होते. केरळने २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली, अन्यत्र ती शिफारस बहुतांशी कपाटात पडून आहे. शुल्क भरण्यासाठी दागिने गहाण टाकण्याआधी संस्थेला राज्य परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, संलग्न रुग्णालय खरोखर आहे का आणि तेथे रुग्ण आहेत का, हे स्वतः जाऊन पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र नोंदणीच्या खिडकीवर कामाचे नसते, आणि अशा संस्थांचे सावज बहुधा जिला घाई आहे तीच स्त्री असते.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत करून १९४७ चा कायदा मागे टाकला. नव्या कायद्याखाली प्रवेशाचे विनियम नव्याने लिहावे लागतील. जुन्या विनियमातील उतारे नव्या कागदावर उतरवून घेण्याची सवय मला चांगली ठाऊक आहे. कमाल वयाचा उल्लेख तसाच पुढे येण्याची भीती आहे. तो वगळावा. मूल असलेल्या विद्यार्थिनीला वसतिगृहाबाहेर राहण्याची मुभा द्यावी, आशा सेविकेच्या क्षेत्रातील कामाची अभ्यासक्रमात काही प्रमाणात नोंद घ्यावी, आणि भरतीचे वय ठरवताना शिक्षण व अनुभवाची वर्षे त्यात धरावीत. पहिल्या गोष्टीला पैसा लागत नाही. एक ओळ खोडावी लागते.

विनियमांचा मसुदा सूचना व हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तर मी माझी हरकत पाठवणार आहे. सोबत त्या अर्जाची हकिकतही जोडीन, माझ्या शेऱ्यासह.