मांजर परत येते!
घरचे मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडा. चार दिवसांनी चुलीपाशी हजर! रशियन गणिती आर्नोल्ड यांनी १९६० च्या दशकात असेच एक मांजर चौकोनात काढले. चौकोन ठरल्या नियमाने ताणायचा, कापायचा, तुकडे पुन्हा चौकोनात बसवायचे. चार-सहा खेपांत मांजर गडप! संगणकावरून धाडायचा एक्स-रे लपवायला ही युक्ती नामी वाटते. पण चित्र १५० गुणिले १५० ठिपक्यांचे असेल, तर ३०० व्या खेपेला मांजर जसेच्या तसे परत! शिवाय ठिपके हलले तरी रंग तेच. म्हणून जेसिका फ्रीड्रिख यांनी १९९८ साली जोडयुक्ती मांडली : ठिपके हलवा, आणि प्रत्येकाचा रंगही आधीच्या ठिपक्यांवरून बदला. वाचकहो, नुसती विसकटाविसकट म्हणजे कुलूप नव्हे!