खोक्यावर न छापलेला आकडा

मोबाइलच्या खोक्यावर हल्ली '१२० हर्ट्झ' असा आकडा ठळकपणे छापलेला असतो आणि तो वाचून 'हा पडदा डोळ्यांना चांगला' असे आपण खुशाल ठरवून टाकतो. माझ्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे. पडद्याच्या बाबतीत प्रश्न दोन असतात : हालचाल सलग दिसते का आणि उजेड स्थिर असतो का? खोक्यावरचा आकडा फक्त पहिल्या प्रश्नाबद्दल बोलतो.

हे प्रश्न निराळे आहेत, हे नाशिककरांना तरी पटावे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ कॅमेऱ्याने टिपली. (त्यांचे बिऱ्हाड नाशकात आले ते पुढच्या वर्षी, 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर.) कित्येक दिवस एकेक चित्र घ्यायचे आणि मग सगळी भराभर दाखवायची. दोन चित्रांमध्ये बराच काळ लोटलेला, तरी कोंब सरसर वाढताना दिसतो! पुस्तके याचे कारण 'दृष्टिसातत्य' असे देतात. डोळ्यातील प्रतिमा सेकंदाचा सोळावा भाग टिकते म्हणे. पण प्रतिमा नुसत्या टिकल्या असत्या, तर त्यांची खिचडी झाली असती. तुटक चित्रांतून हालचाल घडवतो तो मेंदू. माक्स वेर्टहायमर यांचे यावरील प्रयोग त्याच १९१२ साली प्रसिद्ध झाले.

उजेडाची गोष्ट वेगळी. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रे असत आणि चित्र सरकताना प्रक्षेपकाची झडप उजेड अडवी. एवढ्यावर भागवले असते, तर पडदा लुकलुकून पाहणे असह्य झाले असते. म्हणून झडपेला तीन पाती आली. चित्रे १६च, उजेडाचे झोत मात्र ४८. हालचालीत काडीचाही फरक नाही, लुकलुक मात्र पुष्कळच कमी.

संगणकाच्या जुन्या चित्रनळीत या दोन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. सेकंदाला ६० वेळा रंगवलेला पडदा डोळ्याच्या कडेने पाहिला की थरथरताना दिसे. आताच्या सपाट पडद्यावर पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे जागीच थांबते. आपला डोळा मात्र चेंडूमागे सरकत राहतो, त्यामुळे चेंडू पुसट दिसतो. सेकंदाला ९६० ठिपके पळणारा चेंडू ६० हर्ट्झवर १६ ठिपके फरफटतो, १२० वर ८. येथे मोठा आकडा खरोखरच उपयोगी पडतो, हे कबूल. पण पडदा मंद केला, की अनेक पडदे मागचे दिवे सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद करून उजेड कमी झाल्याचा भास निर्माण करतात. त्याबद्दल खोके अवाक्षर काढत नाही.

ही लुकलुक दिसत नाही. मग बाधते कशी? आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली ब्रिटनमधल्या एका कचेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या नळीदिव्यांच्या जागी हजारो हर्ट्झवर चालणारे दिवे वापरल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. जुन्या चोकची आपली ट्यूबलाइटही १०० वेळाच लुकलुकते.

म्हणून शाळेने संगणक घेताना दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो शिक्षकांनी विचारावा. किंमत पाहणारा विचारणार नाही. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर पेन्सिल पुरेशी आहे. अंधाऱ्या खोलीत कोऱ्या पांढऱ्या पडद्यासमोर ती पंख्यासारखी जोरात हलवा. सलग पुसट पट्टा दिसला, तर उजेड बहुधा स्थिर आहे. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर तो लुकलुकतो आहे. ही परीक्षा पूर्ण उजेडावर घ्या आणि पडदा मंद करून पुन्हा घ्या. पहिल्या खेपेला पास झालेला पडदा दुसऱ्या खेपेला नापास होऊ शकतो.