पंचरंगींतले 'बाकीचे'

क्रिकेटचा एखादा संघ जन्मास यावा आणि दोन-चार मोसमांतच नाहींसा व्हावा, हें आमच्या वाचकांस नवें नाहीं. कोचीचा संघ २०११ सालच्या एकाच मोसमापुरता जगला. पुण्याचा वॉरियर्स संघ त्याच सालीं आला आणि २०१३ नंतर दिसेनासा झाला. पैशाच्या व्यवहारांतून निघालेल्या संघांना पैशाच्या व्यवहारानेंच मूठमाती दिली, यांत शोक करण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. परंतु मुंबईस एक संघ असा होऊन गेला कीं, त्याला धड नांवही मिळालें नाहीं. १९३७ ते १९४६ एवढेंच त्याचें आयुष्य. इंग्रजींत त्याला 'दि रेस्ट' म्हणत. आपल्या भाषेंत 'बाकीचे'. त्या बाकीच्यांची हकीकत या महिन्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबई इलाख्यांत युरोपियन आणि पारशी यांचे मानाचे सामने १८९२ पासून होऊं लागले. १९०७ सालीं त्यांत हिंदु आले व सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. गांव, शाळा किंवा पेढी यांपैकीं कशाच्याही नांवानें हे संघ नव्हते. खेळाडूचा धर्म कोणता, एवढीच काय ती कसोटी. मग जो हिंदी ख्रिस्ती आहे, यहुदी आहे किंवा बौद्ध आहे, त्यानें उत्तम खेळतां येत असूनही जावें कोठें? पंचवीस वर्षें त्याला उत्तर नव्हतें. १९३७ सालीं तें मिळालें, तें असें कीं, ज्यांना कोणत्याच तंबूंत जागा नाहीं त्या सर्वांचा मिळून पांचवा संघ करावा. व्याकरणाच्या अभ्यासकांस येथें पाणिनीची आठवण होईल. सर्व कारकांची वाटणी करून झाल्यावर जो संबंध उरतो त्याला त्यानें 'शेष' म्हटलें आणि त्याच्यासाठीं षष्ठी नेमली. मुंबईच्या चालकांनीं उरलेल्यांना संघ नेमून दिला, पण नांव मात्र 'शेष' हेंच राहूं दिलें.

गंमत अशी कीं, त्याच वर्षीं नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील बैठकांच्या वांटणीवरून हिंदु जिमखाना रुसला आणि हिंदु संघ खेळलाच नाहीं. म्हणजे पांचवा रंग आला त्या पहिल्याच वर्षीं पंचरंगी सामने चारच रंगांत पार पडले!

आमचें निलंगें तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. त्याच १९३७-३८ च्या मोसमांत हैदराबादनें नवानगरचा एका गड्यानें पराभव करून रणजी करंडक जिंकला, आणि शेवटच्या डावांत नाबाद १३७ धांवा काढून तो विजय खेंचून आणणारे एडलजी ऐबारा हे पारशी होते. निजामाच्या राज्यकारभाराबद्दल मराठवाड्यांतील माणसानें फार गोड बोलावें असें नाहीं. परंतु रणजी करंडकाच्या मैदानावर प्रांत पाहिला जाई आणि पंचरंगीच्या मैदानावर धर्म, हा भेद येथें डोळ्यांत भरतो. एकाच खेळाडूला एकाच वर्षांत हीं दोन्हीं मापें लागत.

त्याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विजय हजारे. त्यांचा जन्म सांगलीस, ११ मार्च १९१५ रोजीं, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. वडील शिक्षक, भावंडें पुष्कळ. १९३९-४० सालीं पुण्यास बडोद्याविरुद्ध त्यांनीं महाराष्ट्रासाठीं नाबाद ३१६ धांवा केल्या. त्या महाराष्ट्र संघाचे नायक प्रोफेसर देवधर, म्हणजे स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे गृहस्थ. (संस्कृत शिकून मनुष्य पळण्याच्या कामांतून जातो, असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.) देवधरांच्या हाताखालीं हजारे महाराष्ट्राचे होते, मुंबईस पंचरंगीला गेले कीं ते बाकीच्यांपैकीं होत. ज्या हिंदु संघांत देवधर पूर्वीं खेळले होते, त्याचें दार हजारे यांना बंद.

आतां १९४३ सालच्या डिसेंबरांत चलूं. बाकीच्यांनीं त्या सालीं अंतिम सामना गांठला होता. आधींच्या सामन्यांत मुसलमान संघाविरुद्ध हजारे यांनीं २४८ धांवांचा विक्रम केला होता. अंतिम सामन्यांत हिंदूंचे विजय मर्चंट नाबाद २५० वर पोंचले, विक्रम मोडला, आणि हिंदूंनीं ५ गडी बाद ५८१ धांवांवर डाव सोडला. बाकीच्यांचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. त्यांपैकीं ५९ एकट्या हजारे यांच्या. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावांत ६० धांवांवर पांच गडी बाद झाले. अशा वेळीं हजारे यांच्या जोडीस त्यांचे बंधु विवेक आले.

या दोघां भावांनीं सहाव्या गड्यासाठीं ३०० धांवांची भागी केली. त्यांत विवेक यांचा वांटा किती? एकवीस! कित्येक तास ते एका टोंकाला बॅट आडवी न होऊं देतां उभे राहिले आणि दुसऱ्या टोंकाला थोरला भाऊ धांवा काढीत राहिला. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांना त्या एकवीस धांवांचें मोल समजावून सांगण्याची गरज नाहीं. विजय हजारे यांच्या धांवा झाल्या ३०९, संघाच्या ३८७. विवेक यांच्या एकवीस वगळल्या तर बाकी नऊ जण आणि अवांतर मिळून सत्तावन्न! मर्चंट यांचा ताजा विक्रम त्याच सामन्यांत मागें पडला. डावांतील एकूण धांवांचा एवढा मोठा हिस्सा एकट्यानें काढण्याचा हा विक्रम १९७७ सालीं ग्लेन टर्नर यांनीं १६९ पैकीं १४१ धांवा काढीपर्यंत टिकला. सामना मात्र हिंदूंनीं एक डाव व ६१ धांवांनीं जिंकला. बाकीच्यांना हें विजेतेपद कधींच मिळालें नाहीं.

आम्हीं शाळेंत अनेक वर्षें पट भरले आहेत. प्रवेशाच्या वेळीं धर्म-जातीचे रकाने ओळीनें येत आणि सर्वांत शेवटीं 'इतर'. त्या शेवटच्या रकान्यांत खूण करवून घेणाऱ्या पोराच्या मनांत काय येत असेल, हा विचार मास्तराच्या डोक्यांत सहसा येत नाहीं, कारण त्याला बेरीज जुळवायची असते. पंचरंगीच्या चालकांचेंही तसेंच झालें असावें.

शिवाय ज्यांच्याजवळ स्वतःचा तंबू होता, त्यांच्याही तंबूंत बाकीचे होतेच. पळवणकर बाळू यांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांवर गडी बाद केले. पण ते चांभार म्हणून पुण्याच्या मैदानावर त्यांचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यांतून. हिंदु संघाचें नायकत्व त्यांना मिळालें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना १९२३ सालीं मिळालें, आणि त्या सालीं हिंदु जिंकले. तंबूबाहेर चहा पाठविणारे लोक आपल्यासारख्याच सुशिक्षित घरांतले होते, हें लिहितांना आम्हांस बरें वाटत नाहीं. पण तें गाळून हा इतिहास सांगतां येत नाहीं.

१९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचीं माणसें वर्ध्यास महात्माजींना भेटलीं, तेव्हां खेळांत धर्माचे तट असूं नयेत असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. हिंदु संघ त्या वर्षीं बाहेर राहिला. अंतिम सामना मुसलमान आणि बाकीचे यांच्यांत झाला व मुसलमान जिंकले. पुढच्याच वर्षीं हिंदु परत आले, कारण गर्दी लोटत होती आणि तिकिटें खपत होतीं. १९४२ सालीं चळवळीमुळें सामने झाले नाहींत. १९४६ सालीं ते कायमचे बंद पडले आणि त्यांबरोबर बाकीच्यांचा संघही गेला. त्याच्यासाठीं कोणीं हळहळल्याचें आमच्या वाचनांत नाहीं; त्यांतल्या खेळाडूंनींही हळहळण्याचें कारण नव्हतें.

हजारे तोंपर्यंत बडोद्याकडून खेळूं लागले होते. १९४७ च्या मार्चांत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत होळकर संघाविरुद्ध त्यांनीं गुल महंमद यांच्यासह चौथ्या गड्यासाठीं ५७७ धांवांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. पंचरंगीच्या हिशेबानें एक मुसलमानांचा, दुसरा बाकीच्यांचा. ती भागी २००६ पर्यंत जगांत सर्वांत मोठी होती. पुढें हजारे यांच्या नायकत्वाखालीं १९५२ सालीं मद्रासेस भारतानें आपला पहिला कसोटी सामना जिंकला, आणि गुल महंमद १९५६ सालीं कराचीस पाकिस्तानकडून एक कसोटी सामना खेळले.