गुडघे कोणाचे झिजतात?

गुडघेदुखी म्हणजे वयाचा धर्म, असे म्हणून हा विषय आपल्याकडे मिटविला जातो. वस्तुतः सांध्यांची झीज सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. भातलावणीत, निंदणीत उकिडवे बसून किंवा पोती वाहून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हा विकार होण्याचा धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना सांध्यांच्या झिजेचा विकार होता आणि त्यांपैकी ६० टक्के स्त्रिया होत्या.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर नियंत्रण आणले. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. कर वगळून तिची मर्यादा ५४,७२० रुपये ठरली. आजाऱ्याच्या अगतिकतेवर चालणारी नफेखोरी कायद्याने रोखता येते, हे त्यातून दिसले. याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय होय. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांचे काय? मांडीच्या स्नायूंना बळ देणारा नियमित व्यायाम, आटोक्यात ठेवलेले वजन, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, हे उपचार साधे आहेत आणि गुणकारीही. ब्रिटनच्या २०२२ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनी व्यायामाला अग्रस्थान दिले. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या देऊ नयेत, असेही बजावले. मात्र व्यायामाला विक्रेता नसतो, गोळीला असतो. म्हणून मजूर स्त्रीच्या हाती पडते ती दुकानातून मागून आणलेली वेदनाशामक गोळी. ती महिनोन्‌महिने घेतली की जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. हा खर्च कोणत्याही हिशेबात धरला जात नाही.

जेथे बाजार जात नाही तेथे शासनाने जावे, ही अपेक्षा वावगी नव्हे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे. पण जिला एसटीची पायरी चढवत नाही, तिला जिल्ह्याच्या गावी बोलावणे ही सोय कशी म्हणावी? फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात यावा, व्यायाम शिकवून पुढच्या खेपेस तो नीट होतो की नाही हे पाहावे, ही मागणी ग्रामसभांतून रेटण्याजोगी आहे. कार्यकर्त्यांनी ती हाती घ्यावी.

डॉक्टर सांगतात, जड काम टाळा. सल्ला योग्यच आहे. पासष्टीच्या शेतमजूर बाईने तो पाळावा, तर तिच्या वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा आजही दरमहा २०० रुपयेच आहे.